पाण्यातले देव

पारगावात गोकुळ उसाच्या ट्रॉलीखाली सापडला, तेव्हाच लंकाबाईनं देव पाण्यात घातले. धाकट्यानं डोळे उघडल्याशिवाय ते बाहेर काढायचे नाहीत, असा तिचा हट्ट.

थोरला गोरख दवाखान्यातून परतला, तेव्हा दारात मांडव पडलेला अन् त्याच्या पोरीला हळद लागायची होती.

"गोकुळनं डोळं उघडलं, आये. बोलला माझ्यासंगं."

जमलेल्या बायकांनी हात जोडले. लंकाबाईचा जीव भांड्यात पडला.

"मंग काढ बाबा देव पाण्यातनं. तुझ्याच हातानं पूस."

गोरख देवघराच्या उंबऱ्याशीच थांबला. "हात खराब हायेत माझं."

"मंग धू की."

तो हलला नाही. मान वर करीना. सुतकात देवाला शिवायचं नसतं, हे लहानपणी तिनंच त्याला शिकवलं होतं.

लंकाबाईनं एकवार त्याच्याकडं बघितलं, एकवार मांडवाकडं. बायका खोळंबल्या होत्या.

मग तिनं पाण्यात हात घातला, एकेक देव काढून पदरानं कोरडा केला अन् म्हणाली, "पावला गं बायांनो माझा खंडोबा. लावा पोरीला हळद."