तीस अभिप्राय

लताबाईंनी पुस्तकाचं मागचं पान उघडून वाल्मीकरावांपुढे सरकवलं. "सव्वीस झाले. चार राहिले."

वाल्मीकरावांनी चष्मा पुसला आणि नवे अभिप्राय वहीत उतरवून घ्यायला बसले.

इंदिरानगरातल्या लताबाईंच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कोरे कागद डकवलेले असत. पुस्तक परत करताना दोन ओळी लिहायच्या. खाली नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. नाव नसलं की माणसं खरं लिहितात, असं लताबाईंचं मत. कोणता क्रमांक शेवट आधी वाचतो आणि कोणता न वाचताच 'छान' लिहितो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

वाल्मीकरावांचा जन्म दिंडोरीहून पेपरला बातम्या पाठवण्यात गेला. साठीनंतर त्यांनी एक कादंबरी लिहिली. हेरांच्या मागे लागलेल्या बातमीदाराची. प्रकाशकाने ती भीत भीत छापली आणि बजावलं, की वाचकांचे तीस खरे अभिप्राय दिवाळीपर्यंत आणा, तरच दुसरा भाग. नाहीतर विषय संपला. वाल्मीकरावांनी दुसऱ्या भागाचं पहिलं पान तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

अभिप्राय मात्र झकास येत होते.

'हसून हसून पोट दुखलं. ह्यांनी विचारलं, बरं आहे ना? – ४१.'

'बातमीदार द्राक्षांच्या क्रेटमध्ये लपतो आणि थेट कलकत्त्याला उतरतो, तिथे मी पुस्तक मिटून आधी हसून घेतलं. – १०७.'

'माझं माहेर येवल्याचं. पैठणीच्या पदरावरचे मोर मोजून हा हेरांचा निरोप शोधतो आणि बिचाऱ्या विणकराची उलटतपासणी घेतो! आईला फोनवर वाचून दाखवलं. – ६३.'

वाल्मीकराव हे सगळं दर शनिवारी अक्षर न अक्षर उतरवून घेत. चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे. लताबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत, "चेहरा बघा, इस्त्री केल्यासारखा. आणि लिहितो काय माणूस! खरे विनोदी लोक असेच असतात."

एकदा घोळ झाला. क्रमांक ८८ ने लिहिलं, 'विनोद जमलेला नाही. मला तर वाचताना भीती वाटली.' लताबाईंनाच ओशाळल्यासारखं झालं. त्यावर चिठ्ठी चिकटवते, म्हणाल्या. वाल्मीकरावांनी पानावर हात ठेवला.

"नको, राहू द्या. कोण आहेत हे?"

नाव सांगायचं नाही, हा नियम लताबाईंनी मोडला नाही. पुढच्या शनिवारी वाल्मीकरावांनी पुन्हा विचारलं. राहतात कुठं, एवढं तरी सांगा, म्हणाले. टीका करणाऱ्याची इतक्या मायेने चौकशी करणारा लेखक लताबाईंनी आजवर पाहिला नव्हता.

उरलेल्या चारांसाठी त्या इरेला पेटल्या. कॉलेजातल्या तृप्तीच्या हातातली प्रेमकथा काढून घेऊन त्यांनी ही कादंबरी दिली. तिने दोन दिवसांत संपवली आणि भाऊ ललितला दिली. दोघं घरात मोठ्याने वाचत होती, म्हणून शेजारच्या निकिताने नंबर लावला. एकोणतीस झाले. तिसावा लताबाईंनी स्वतः लिहिला. 'अशी माणसं आहेत, तोवर परक्या हेरांनी या देशात येऊ नये. – १.'

दिवाळीच्या आठवडाभर आधी वाल्मीकराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले. प्रकाशक बेहद्द खूश होता. दुसरा भाग अगदी अस्साच द्या, म्हणाला होता, आणि नव्या आवृत्तीवर 'हास्यस्फोटक हेरकथा' असं ठळक छापणार होता.

वाल्मीकरावांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. "ताई, तुमचे आणि या तीस जणांचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. तुम्ही नसता, तर मी लेखक झालोच नसतो."

लताबाईही हेलावल्या. "उपकार कसले, वाल्मीकराव. आता लिहायला बसा बघू."

"बसलोय. पण पुढं सरकत नाहीये." वाल्मीकरावांनी आजूबाजूला पाहिलं. कपाटांपाशी कुणी नव्हतं. त्यांनी पिशवीतून कादंबरीची स्वतःची प्रत काढली, पेन्सिल काढली आणि दोन्ही टेबलावर ठेवून आवाज खाली आणला.

"ताई, लोक नेमके कुठं कुठं हसले, तेवढ्या जागांवर खुणा करून द्याल का?"