केमिस्टकाकांचा सल्ला

मशीनवर ८७ आला. केमिस्टकाकांनी बोट पुसलं, दुसरं बोट लावलं. तिथेही ८७.

"ऑक्सिजन किती आला?" बंद दाराबाहेरून काकूंनी विचारलं.

"चौऱ्याण्णव." एवढं बोलून ते थांबले. "ठीक... आहे मी. उगाच... डोकं खाऊ नकोस."

पाच दिवस नवरा मागच्या खोलीत, बायको पुढच्या खोलीत; दाराशी भांडायचं तरी किती? समोरच्या घरातला धडधाकट माणूस गेल्या आठवड्यात स्वतःच्या पायांनी रुग्णवाहिकेत चढला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की काका अंगावर यायचे. खरं तर ते घाबरले होते, चांगलेच घाबरले होते. पण चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात उभं राहून गावाला धीर दिलेल्या माणसाने हे बायकोपुढे कबूल कसं करायचं?

त्यापेक्षा फोन बरा. साथ सुरू झाल्यापासून फेसबुकवरच्या एका गटात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. कुणी वाफ किती वेळा घ्यायची ते विचारायचं, कुणी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरच्या गोळ्या आपल्याला चालतील का म्हणायचं. काका कुणाचीही भीडभाड न ठेवता झापायचे, आणि लोक वर आभार मानायचे. आजारी पडल्याचं मात्र त्यांनी तिथे कुणाला कळू दिलं नव्हतं.

दुपारी एक नवा प्रश्न आला. खाली नाव नव्हतं. गटात नाव लपवायची सोय होती, आणि निम्मे लोक तीच वापरायचे.

"आमचे पेशंट ऑक्सिजन ९४ सांगतात, पण मशीन बघू देत नाहीत. साधं वाक्य बोलताना मध्येच थांबतात. दवाखाना म्हटलं की चिडतात. मी आकड्यावर विश्वास ठेवू की कानावर?"

काकांचं टाळकं सरकलं. असली हट्टी माणसंच घरादाराच्या जिवाला घोर लावतात. उशीला टेकून, धाप आवरत त्यांनी लिहिलं:

"कानावर. पेशंट खोटं बोलतो, श्वास बोलत नाही. त्यांची परवानगी मागत बसू नका. आधी रुग्णवाहिका बोलवा."

उत्तर गेलं. दाराबाहेर काकूंचा फोन वाजला.

"बोलावलीय," दाराआडून काकू म्हणाल्या. "चपला घाला."