रेवडीची कुस्ती

पस्तीस साली डाळजच्या जत्रेत रेवडीच्या कुस्त्यांसाठी पोरांची रांग लागली, तर रांगेत चौथा भिमा पैलवान. पुढचा पोरगा त्याच्या मांडीएवढा, मागचा त्याहून बारका. भिमा एकदा उन्हाकडं बघे, एकदा पंचांकडं, आणि जागच्या जागी पाय बदली.

"भिमा, तुझी कुस्ती शेवटची," पंच बापूसाहेब म्हणाले. "फेट्याची. दिवस मावळताना."

"मावळताना मी नसतो, बापूसाहेब."

"कुठं जातोस?"

"हितंच असतो. ताकद जाती. आधी पापण्या, मग जबडा, मग हात. सकाळी समदं माघारी येतं. आन् तिन्हीसांजंला एकाचे दोन दिसत्यात. एका फेट्यासाठी दोघांशी लढू व्हय?"

इंदापूरच्या वैद्यानं याला आळस म्हटलं होतं. भगतानं भूत म्हटलं, पण ते दुपारनंतरच का येतं हे त्यालाही सांगता आलं नाही. गावानं मग भिमा भितो असं ठरवलं. ते सगळ्यांना सोपं गेलं.

"आत्ता लढलास तर रेवडी मिळंल. फेटा न्हाय."

"चालंल. पर आत्ता लावा."

फेट्याच्या कुस्तीत भिमाशी जोड लागलेला सुप्याचा झुंबर पैलवान हसत उठला. "लावा. मला बी रेवडी आवडती."

हलगीवाला काडी शोधेस्तोवर झुंबर मातीत चीत होता. बापूसाहेबांनी नियमाप्रमाणे भिमाच्या हातात मूठभर रेवड्या घातल्या. मागचा पोरगा म्हणाला, "सरका की आता."

"ही कुस्ती न्हवं!" झुंबर पाठीची माती न झाडताच ओरडला. "दिवस मावळताना ये!"

दिवस मावळताना भिमाचं नाव तीनदा पुकारलं. मैदान हसलं. फेटा झुंबरला बांधला.

झुंबर तसाच त्याला शोधत निघाला. भिमा लिंबाखाली बसला होता. पापण्या मिटलेल्या, एका हातानं हनुवटी वर धरलेली, दुसऱ्या मुठीत रेवड्या.

"झोपलास व्हय रं?"

"जागा हाय." आवाज नाकातून आला.

झुंबरनं वाकून अंगठ्यानं त्याची एक पापणी वर केली. आत डोळा चांगला जागा होता. थेट त्याच्याकडंच बघत होता.

झुंबर शेजारी टेकला. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"रेवड्या तरी खा की."

"सकाळी चावीन," भिमा म्हणाला.