गुडघ्यावरची ठिगळं

नवऱ्याला माती देऊन आल्यापासून शिवणकाम करणाऱ्या बाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. ट्रक चालवणारा तो माणूस कधी चर्चकडे फिरकला नव्हता. बोलावलं की हसून म्हणायचा, "तुझं चालू दे." चर्चच्या पाळकांनी धीर दिला, तरी एकच प्रश्न तिला कुरतडत होता: त्याचं तारण झालं असेल का, देवाने त्याला जवळ घेतलं असेल का? गुडघे टेकून प्रार्थना करूनही चैन पडेना, म्हणून तिने त्याचे कपडे आवरायला काढले. "आई, सगळ्या पँटींना गुडघ्यावरच ठिगळं?" मुलीने विचारलं. "मीच लावलीत. 'रांगता की काय?' म्हटलं, तर म्हणायचे, 'म्हातारपणी शिकतोय.'" "पण बाबा दिवसभर बसून असायचे." बाईचा हात थांबला. ड्रायव्हरची पँट मागे विरते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. कोपऱ्यात ट्रकमधून आणलेली त्याची उशी पडली होती. डोक्याचा एक खळगा असावा, तिथे दोन होते, गुडघ्यांएवढे. "अहो," ती पुटपुटली, "एकदा सांगायचंत तरी."