इटलीचा आकडा

"तेवीस," व्यंकटराव म्हणाले. "इटली लई झालं तर तेवीस करल. त्याच्या पुढं न्हाई."

"सतरा," रेणुकादास सर म्हणाले. "हरणारच आहे, पण सतरा करून हरल."

सरांच्या बायकोनं, विनीतानं, दोघांपुढं चहा ठेवला आणि ती आत गेली.

हदगावात रग्बीचं वेड असलेली माणसं दोनच, आणि ती दोन्ही संध्याकाळी सरांच्या ओट्यावर सापडायची. बँकेतून निवृत्त झालेल्या व्यंकटरावांना हा नाद सरांनीच लावला होता. सरांना तो भूकंपाच्या साली लागला. तेव्हा ते औशाकडं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा घ्यायचे, आणि घरं बांधायला आलेल्या एका इटालियन इंजिनियरनं पोरांसाठी अंड्याच्या आकाराचा चेंडू आणला. कुणाची आई गेलेली, कुणाचं सगळं घरच. तरी तो चेंडू टप्पा पडून भलतीकडं उडाला की पोरं हसायची. तेव्हापासून सर इटलीचे झाले. इटली बहुतेक वेळा हरते, याचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

मुलगा यज्ञेश त्याच वेडात वाढला. पाहुणे आले की तो विचारायचा, रग्बीत कोणते आकडे कधीच होत नाहीत? मग हा मान वर करून सांगायचा, पेनल्टीचे तीन, ट्रायचे पाच, ट्रायनंतरच्या किकचे दोन. त्यामुळं एक, दोन आणि चार होऊच शकत नाहीत.

पुढं त्याला डॉक्टर करायचं म्हणून लातूरला क्लासला ठेवलं. शनिवारी इटलीची टेस्ट, रविवारी त्याची. फोनवर तो म्हणायचा, "बाबा, माझ्या टेस्टचं राहू द्या, इटलीच्या टेस्टचं बोला." सर हसायचे. आपण तेव्हा हसलो, याचा त्यांना आता स्वतःचाच राग यायचा.

दुसऱ्या वर्षीही नंबर लागला नाही. निकालाच्या दिवशीच यज्ञेश लातूरच्या खोलीतून निघून गेला. सरांनी पोलिसांत तक्रार दिली, नांदेडचं स्टेशन पालथं घातलं, पण त्या खोलीत पाय ठेवायचं त्यांच्यानं झालं नाही. सामान विनीताच घेऊन आली. पुस्तकं अन् अंथरूण, दुसरं काय असणार, एवढंच म्हणाली. सरांचं जेवण सुटलं. शाळा सुटली. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे.

मग एका शुक्रवारी, राज्यभरच्या रग्बीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, यज्ञेशच्या नावानं अंदाज आला. इटली एकोणीस. एवढंच.

सर ढसाढसा रडले. कुठं आहेस बाळा, असं त्यांनी लगेच लिहिलं. ते वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. फोन लावावा तर बंद. पण त्यानंतर इटलीची टेस्ट असली की आदल्या संध्याकाळी अंदाज यायचाच. सर पुन्हा दोन घास खाऊ लागले, शाळेत जाऊ लागले.

"अंदाज लिहून राहिला अन् बापाला उत्तर देत न्हाई," व्यंकटराव म्हणाले. "हे काय मला पटंना, सर."

"लाज वाटत असंल. जाईल हळूहळू. आकडा बघा ना त्याचा. दरवेळी तुमच्या-माझ्या मधला असतो. मीच शिकवलंय त्याला."

त्या दिवशीही तसंच झालं. व्यंकटराव घरी पोचतात न पोचतात तोच अंदाज आला. इटली वीस.

पोलिसांनी शोध सोडला नव्हता. तिरुपतीला असाच एक मुलगा दिसल्याचं कळलं होतं, तिकडं माणूस पाठवतो म्हणाले होते. सर घाबरले. खाकी कपडे बघून पोरगं आणखी लांब पळालं तर? लिहितोय तोवर जिवंत आहे, हे काय कमी? सर ठाण्यात गेले. मुलगा सुखरूप आहे, संपर्कात आहे, असं लिहून देऊन त्यांनी तक्रार मागं घेतली. विनीताला हे सांगायचा धीर झाला नाही. तिची सगळी भिस्त पोलिसांवर. ती रोज विचारायची, ठाण्यातून काही कळलं का? सर म्हणायचे, शोधून राहिलेत.

पुढच्या टेस्टच्या आदल्या संध्याकाळी व्यंकटराव नव्हते. ते बिलोलीला लेकीकडं गेले होते. सर ओट्यावर एकटेच फोन घेऊन बसले. विनीता चहा घेऊन आली आणि तिथंच घुटमळली.

"आज इटलीचं कसं?" तिनं विचारलं.

"बघू," सर म्हणाले. एकट्यानं काय बोलायचं?

ती आत गेली. चहा निवला. अंधार पडता पडता फोन वाजला. यज्ञेशचं नाव होतं.

इटली चार.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चौदा लिहायचं राहिलं असेल, चोवीस असेल. दुरुस्तीची त्यांनी वाट पाहिली. पुण्याच्या कुणीतरी हसऱ्या चेहऱ्यांची रांग टाकून विचारलं, चार कधीपासून व्हायला लागले भाऊ? उत्तर आलं नाही.

हे यज्ञेशनं लिहिलेलं नव्हतं. त्याचा फोन भलत्याच कुणाच्या हातात होता, आणि पहिल्यापासून असावा. मग पोरगं कुठं आहे? आपण ठाण्यात काय लिहून दिलं, ते सरांना शब्दन् शब्द आठवलं. तसेच उठून ते अंधारात चपला शोधू लागले. आत्ताच्या आत्ता ठाण्यात जायला हवं होतं.

विनीता दारात येऊन उभी राहिली. त्यांचा चेहरा बघून ती घाबरली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "इटलीला चार लई कमी झाले का?"