गुडघ्यांचे लाड

ऑफिसात सगळे ज्यांना पाठीमागे खांबसाहेब म्हणत, त्या सहा फूट दोन इंचांच्या गृहस्थांनी एका मोटारसायकलपायी आठ शोरूम पालथ्या घातल्या. एकीवर बसलं की गुडघे हँडलला लागत, दुसरीवर पाठीचं धनुष्य होई, आणि तिसरीवरून उतरताना तर त्यांनी सेल्समनलाच फैलावर घेतलं, "गाड्या माणसांसाठी बनवता की बेडकांसाठी?"

बायको कंटाळून म्हणाली, "अहो, ऑफिसला जाऊन-येऊन अर्धा तास तर बसायचं. घेऊन टाका की कुठलीतरी!"

"तू पाच फुटांची. तुला काय कळणार लांब पायांचं दुखणं!"

शेवटी एक मनाजोगती मिळाली. तिचीही सीट दोन इंच उंच करून घेतली, फूटरेस्ट पुढे सरकवून घेतले, तेव्हा कुठे स्वारी सिंहासनावर बसल्यासारखी घरी आली. हॉलमध्ये शिरता शिरताच त्यांनी आईपुढे किल्ली नाचवली.

"आता पाय कसे ऐसपैस! रोज अर्धा तास गुडघे मुडपून बसायचं म्हणजे काय चेष्टा आहे का गं, आई?"



लेकाला आपली उंची देणारी आणि गेली चार वर्षं त्याच हॉलमधल्या दोन माणसांच्या सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन झोपणारी आई म्हणाली, "छे रे बाबा, अर्धा तास म्हणजे फारच झाला!"