भिंतीवरचा सदरा

डॉक्टर मेघा यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि तोतारामला विचारलं, "ग्रॅनाइट कापायचं काम किती वर्षं करताय?"

"वीसेक वरीस व्हयनात, मॅडम." त्याने खिशातून मास्क काढून दाखवला. कारखान्यातले दोन सोबती धाप लागून गेले, तेव्हापासून तो मास्कशिवाय कटरजवळ उभा राहत नव्हता.

"तुमची छाती चांगली आहे. हा फोटो यांचा आहे." त्यांनी शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोकडे, शेवंताबाईकडे पाहिलं. "दगडाची धूळ बसलीये फुफ्फुसात."

शेवंताबाईला खोकता खोकता हसू आलं. "माले कसानी धूय? मी तं कारखाना देखेल बी नही."

"यांचे कामाचे कपडे घरी कोण झटकतं?"

"मीच. रोज." तिचा आवाज जरा चढला. "बाहेर भितवर आपटी आपटी साफ करस. धूयना कपडा घरमा येऊच देत नही."

तोतारामच्या मुठीत मास्क चुरगळला. "बरं व्हई ना, मॅडम?"

"बसलेली निघत नाही. नवी जाऊ देऊ नका," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कारखान्यातच अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत शिंदखेड्याला घरी आला. शेवंताबाई दारात हात पुढे करून उभी.

"कपडा कोठे शेतस?"

"तठेच ठेईसन उनू. आते तठेच धोसू."

तिने रिकामा हात मागे घेतला. "मंग मी काय करू?"

त्याची नजर बाहेरच्या विटांच्या भिंतीवर गेली. रोज सदरा आपटून आपटून तिथं एक पांढरा आकार उठला होता. रुंद खांदे, दोन्हीकडे पसरलेल्या बाह्या.

तिनेही पाहिलं, आणि झाडू उचलला.

"हात लावू नको! दूर ऱ्हाय!"

तो आजवर तिच्यावर असा ओरडला नव्हता. झाडू तिथेच टाकून ती आत गेली.

तोतारामने मास्क बांधला आणि भिंतीवर बादल्यांमागून बादल्या ओतल्या. दुधासारखं पाणी अंगणातून वाहत गेलं. भिंत गडद लाल झाली, आकार दिसेनासा झाला. तो पायरीवर टेकला. शेवंताबाई आत खोकत होती.

गरम वारा सुटला. भिंत सुकू लागली. आधी खांदे दिसले, मग बाह्या.